चाखण्यापुरतं

इल्दिको : नको, राहू दे. बाटली पिशवीतच बरी.

बुश्ता : प्या हो बाई. उन्हातून आलोय आपण. पाहुण्यानं पाणी प्यायलं म्हणून आमच्या फेज शहरात आजवर कुणी रागावलेलं नाही.

इल्दिको : तुमच्यासमोर? तुम्ही पहाटेपासून कोरडे आणि मी घटाघट पाणी पिऊ? सी बुश्ता, मी शाळेत शिकवते. वर्गातलं एखादं पोर उपाशी असलं तर मी डबा उघडत नाही.

बुश्ता : मी पोर नाही.

इल्दिको : तेच म्हणते. म्हणून आज मीही रोजा धरलाय. सकाळी हॉटेलात नाश्त्याला हातसुद्धा लावला नाही.

बुश्ता : तुम्हाला रोजा लागू नाही. तुमचा धर्म वेगळा, त्यात तुम्ही प्रवासी.

इल्दिको : म्हणजे तुमच्यातल्या प्रवाशालाही सूट असते?

बुश्ता : असते. प्रवाशाला, आजाऱ्याला, बाळंतिणीला, लहान मुलांना, फार थकलेल्या म्हाताऱ्याला. भिंतीला सरका, गाढव येतंय.

इल्दिको : ‘बालाक’ ओरडलं की सरकायचं, हे मी पहिल्याच दिवशी शिकले. आणि गाईडला?

बुश्ता : गाईडला काय?

इल्दिको : सूट. दिवसभर चालायचं, दिवसभर बोलायचं.

बुश्ता : गाईडचं नाव कुठे ऐकलं नाही. वर पाहा. भिंतीत ओळीनं बारीक खिडक्या आहेत. इथे पाण्यावर चालणारं घड्याळ होतं.

इल्दिको : हे मघाशी जाताना सांगितलंत.

बुश्ता : सांगितलं का?

इल्दिको : शब्दन्‌शब्द. ‘वर पाहा’सकट.

बुश्ता : मग पुढचं विचारा. इथे उभं राहून सगळे एकच विचारतात.

इल्दिको : बंद का पडलं?

बुश्ता : ते चालवायचं कसं, हे ठाऊक असणारं कुणी उरलं नाही. चला. आता चामडं रंगवायचे हौद. ही पुदिन्याची काडी घ्या, नाकाशी धरा. वर गच्चीवर फार वास येतो.

इल्दिको : तुम्हाला नको?

बुश्ता : मला येत नाही.

इल्दिको : सवयीनं?

बुश्ता : आधी यायचा. पायऱ्या जपून.

इल्दिको : अरे देवा. रंगांची पेटी उघडून ठेवलीय जणू. पण माणसं किती कमी!

बुश्ता : रमजानात लवकर सुट्टी होते. पांढऱ्या हौदात चुना आणि कबुतरांची विष्ठा, त्यानं कातडं मऊ पडतं. पिवळ्यात, लालात... लालात...

इल्दिको : सी बुश्ता?

बुश्ता : लाल रंग. लाल रंग आहे तो.

इल्दिको : तुम्ही घामानं भिजलाय. इथे तर सावली आहे. हात बघू. अहो, हा केवढा कापतोय!

बुश्ता : जरा कठड्यावर बसू. पाहुण्यांना इथून बसून बघायला आवडतं.

इल्दिको : बसायला मला नाही, तुम्हाला हवंय.

बुश्ता : दोघं बसू. मग झोरकडे जाऊ. तुमचं जेवण तिच्याकडे आहे. माझी मेहुणी आहे ती; तिला लल्ला झोर म्हणा, म्हणजे झोरबाई. बोलते फार, मनावर घेऊ नका.

(गल्लीतल्या एका घराचा वरचा मजला. खिडक्यांना जाड पडदे. बाहेरून बघणाऱ्याला आत कोण जेवतंय ते दिसत नाही.)

झोर : या, या. पडदा नीट ओढा, बाई. खाली मशिदीकडे म्हातारे निघतील आत्ता. बसा. दोन ताटं वाढते.

बुश्ता : एक.

झोर : दोन, दाजी.

बुश्ता : मी पहाटे घरून खाऊन निघालोय.

झोर : घरून! काय खाल्लंत हो? तुमच्या घरातली चूल मी बघून आलेय परवा. कोळ्यानं जाळं विणलंय तिच्यात. पट्ट्याला आणखी एक भोक पाडलंत, ते दिसत नाही होय मला? सकाळी सुई टोचून घेतलीत?

बुश्ता : घेतली.

झोर : सुई घ्यायची आणि वर खायचं नाही. डॉक्टरनं काय सांगितलं होतं?

बुश्ता : नमाजाची वेळ झाली. मी हातपाय धुऊन, वजू करून येतो. बाईंना वाढ.

झोर : पळा. गेले बघा. ऐकलं की ऐकलंच नाही, तोंडावरून काही कळत नाही. आधी असे नव्हते हो. तुम्ही का बसलात हात बांधून? घ्या ना.

इल्दिको : लल्ला झोर, मला कसं सांगावं... आज मी रोजा धरलाय. त्यांच्यासोबत.

झोर : त्यांच्यासोबत? या अल्ला! बाई, त्यांना रोजा नाहीच आहे.

इल्दिको : पण ते म्हणाले...

झोर : ते तोंडानं म्हणाले, ‘माझा रोजा आहे’ असं?

इल्दिको : नाही. तसं नाही म्हणाले. मीच धरून चालले.

झोर : त्यांना साखरेचा आजार आहे. बरीच वर्षं झाली. डॉक्टर म्हणाला, रोजा धरलास तर मरशील. इमामही म्हणाला, आजाऱ्याला माफ आहे, त्याच्या बदल्यात रोज एका गरिबाला जेवू घाल. पण आमचे दाजी मानी. गल्लीत कुणाला कळू द्यायचं नाही. तेव्हा माझ्या ताईनं, इत्तोनं, ही सोय लावली. दुपारी पाहुण्यांना घेऊन इथे यायचं. पडद्याआड पाहुणा जेवतोय, गाईड सोबत बसलाय. एखादं ताट जास्त गेलं तर कोण मोजतंय? आणि गरिबाचं जेवण ताई रोज स्वतः नेऊन द्यायची.

इल्दिको : आणि आता इत्तो?

झोर : गेली. मागची ईद झाली आणि गेली. हा तिच्यावाचूनचा पहिला रमजान. पहिल्या दिवसापासून दाजी पाहुण्यांना आणून इथे बसवतात आणि स्वतः त्या जिन्यावर बसून राहतात. मी म्हणते जेवा, ते म्हणतात घरी जेवलो. मी काय तोंड उघडून घास कोंबू?

इल्दिको : मघाशी हौदांपाशी त्यांचा हात कापत होता. लाल रंगाला काय घालतात, ते आठवेना त्यांना.

झोर : खसखशीचं फूल. झोपेत विचारलं तरी सांगायचे. आता तरी कळलं ना? आजवर निदान पाहुणे जेवायचे, तर मला म्हणता यायचं, दाजी, सोबतीला एक घास घ्या. आज तुम्हीही उपाशी. तुमच्या चांगुलपणानं माझा तेवढाही रस्ता बंद केला बघा.

इल्दिको : मग मी जेवते. आत्ता.

झोर : थांबा. आता उलटंच करू. ‘तुम्ही खाल्लंत तरच खाईन,’ म्हणा. पाहुणा उपाशी राहिलेला आमच्या माणसाला सोसत नाही.

इल्दिको : आले ते.

झोर : बसा दाजी. बाई काहीतरी म्हणताहेत.

इल्दिको : सी बुश्ता, मला आता सगळं ठाऊक आहे. तुम्ही घास घेतलात, तर मी घेईन. नाहीतर माझाही उपास.

बुश्ता : ठीक आहे. मग संध्याकाळी जेवा. सूर्य मावळायला, मगरिबला, फार वेळ नाही. तोवर मदरसा बघून होईल.

झोर : दाजी! पाहुणी उपाशी आहे!

बुश्ता : तिनं स्वतःहून धरलाय. झोर, तिच्यासाठी खजूर बाजूला काढून ठेव.

झोर : बघितलंत? दगडाला पाझर फुटेल एक वेळ. हे कुणासाठी चाललंय, दाजी? ताईसाठी? ती असती तर लाटणं घेऊन आली असती.

बुश्ता : तिच्यासाठी नाही.

झोर : मग अल्लासाठी? त्यानं तर तुम्हाला सूट दिलीय.

बुश्ता : त्याच्यासाठीही नाही. मला पुण्य नको.

इल्दिको : मग का?

बुश्ता : भूक लागत नाही. इत्तो गेली तेव्हापासून. तोंडात घातलं की ओला कागद चावल्यासारखं लागतं. वर्षभर जो तो विचारायचा. शेजारी, मुलगी, कासीम न्हावी. सी बुश्ता, जेवत का नाही? वाळलात किती? डबे घेऊन यायचे, समोर बसायचे, घास मोजायचे. मग रमजान लागला. आता कुणीच विचारत नाही. सगळं गाव उपाशी, त्यात मी एक. बरं वाटलं.

झोर : बरं वाटलं म्हणे.

बुश्ता : म्हणजे वाटलं असंही नाही. शांत झालं.

इल्दिको : आणि सूर्य मावळल्यावर?

बुश्ता : एक खजूर घेतो. दिवा घालवतो. लोकांना वाटतं, जेवून झोपला.

झोर : मुलीला कळवते मी. रबातहून पहिल्या गाडीनं येईल.

बुश्ता : कळव. येईल, रडेल, जाईल. सुई मी घेतो ना? काही होत नाही.

झोर : घेता तीच तर भीती! न खाता घेता! उद्या त्या हौदांच्या गच्चीवरून खाली पडलात म्हणजे?

बुश्ता : पडलो तर पडलो.

इल्दिको : असं नका ना बोलू.

बुश्ता : माफ करा. पाहुण्यांसमोर बोलायचं नव्हतं हे. निघायचं का? मदरशाच्या दारावरचं कोरीवकाम या उन्हात फार चांगलं दिसतं.

झोर : पाच मिनिटं थांबा. चुलीवर संध्याकाळचं सूप आहे, हरीरा, तेवढा उतरवते. बाई, तुम्ही या इकडे. जरा चाखून सांगा.

इल्दिको : मी?

झोर : मग कोण? माझा रोजा आहे. जिभेवर टेकवून थुंकलं तर चालतं म्हणतात, पण माझं मन घेत नाही. काल अंदाजानं मीठ टाकलं. संध्याकाळी गल्लीतले दुकानदार रोजा सोडायला माझ्याकडे जमले, पहिल्याच घोटाला बूशाईब शिंपी म्हणतो, झोर, हे सूप समुद्रावरून भरून आणलंस काय! सगळे फिदीफिदी हसले. आज पुन्हा तसं झालं तर उद्यापासून ते पलीकडच्या रहिमोकडे जातील. तिच्या सुपाला चव नाही, पण मीठ बरोबर असतं. नातू आहे तिला चार वर्षांचा, तो चाखतो.

इल्दिको : आणा. हं... छान आहे.

झोर : मीठ?

इल्दिको : छान आहे.

झोर : कमी की जास्त?

इल्दिको : मला तर... खरंच छान लागतंय.

झोर : पाहुण्यांना सगळंच छान. हौद छान, गाढव छान, माझा तुटका जिना छान. चाखायला पाहुण्याचा काडीचा उपयोग नाही. ताईच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. ती चमचा घेऊन सरळ दाजींपुढे उभी राहायची. अख्ख्या गल्लीत या एका घराच्या सुपात कधी मिठाची चूक झाली नाही, आणि का होत नाही ते कुणाला कळलं नाही.

इल्दिको : म्हणजे सी बुश्ता चाखायचे?

झोर : ताईनं त्यांना ‘जेवा’ असं एकदाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. ‘जेवा’ म्हटलं की ते रोजा मोडणारे ठरायचे. ती म्हणायची, ‘जरा मीठ सांगा.’ मग ‘आता सांगा.’ मग ‘लिंबू पिळलंय, पुन्हा सांगा.’ सांगता सांगता वाटी रिकामी व्हायची. हे घ्या, दाजी.

बुश्ता : झोर.

झोर : काय झोर? मी जेवा म्हटलं का?

बुश्ता : ही इत्तोची युक्ती आहे.

झोर : हो, आहे. तिनं मला करून दाखवली होती, लपवून ठेवली नव्हती. मीठ सांगा. दुकानदार यायचेत माझे.

बुश्ता : मला चव लागत नाही, सांगितलं ना.

झोर : मग तसंच सांगा. लागत नाही म्हणा, मी अंदाजानं टाकते आणि बूशाईबच्या शिव्या खाते. पण चाखून सांगा. न चाखता नाही.

इल्दिको : मी तिकडे तोंड करून बसते. पडद्याकडे.

झोर : चमचा गार होतोय, दाजी. हात दुखायला लागला माझा.

बुश्ता : दे.

झोर : बोला.

बुश्ता : थांब.

झोर : थांबले.

बुश्ता : कोथिंबीर जुनी आहे.

झोर : कालची आहे. कोथिंबिरीचं कुणी विचारलंय? मीठ!

बुश्ता : ते नीट कळलं नाही. अजून एक चमचा दे.