मानाच्या पाहुण्याची मूठ

...नाही, तुम्हीच सांगा, माझं काय चुकलं? दारी पाहुणा आला तर वाढायचं नाही? सगळं क्यझिलोर्दा शहर माझ्यावर तोंडसुख घेतंय, "कुल्याश अपा, तुम्ही हरवलंत!" अहो, मी काय गोलात उभी होते? मी क्लबची कॅन्टीनवाली! माझ्या हातचं खाऊन आमच्या संघाची पोरं चारदा कझाकस्तानात पहिली आली, तेव्हा कोणी म्हणालं का, "अपा, तुम्ही जिंकवलंत"?

तुम्हाला सांगते, फुटसाल, म्हणजे पाच-पाच जणांचा, छपराखालचा फुटबॉल. त्यात आमचा 'सिर' क्लब पहिल्यांदाच युरोपच्या स्पर्धेत, तेही आमच्याच हॉलमध्ये! गटातला शेवटचा सामना बेल्जियमवाल्यांशी, नुसती बरोबरी झाली तरी पुढची फेरी पक्की. कप्तान आमचा सानझार, माझ्या बहिणीचा मुलगा, मीच वाढवलेला. वय चौतीस, गुडघे कुरकुरतात... मला म्हणाला, "अपा, माझी ही पहिली अन् शेवटची संधी."

सामन्याच्या आदल्या दिवशी आमचा प्रशिक्षक ऐबार बोट नाचवत हजर. "अपा, आज दोन्ही संघ इथेच जेवणार, सगळ्यांना फक्त उकडलेली कोंबडी! बिनमिठाची!" म्हटलं, "बाळा, एवढ्या लांबून आलेल्या माणसांना आजाऱ्याचं जेवण वाढू? लाज नाही वाटत?" ठेवली कोंबडी फ्रिजात आणि कापली मेंढी. बेशबर्माक केलं, रुंद रुंद शेवया, वर मांस, काझी म्हणजे घोड्याचं मांस भरलेलं आतडं, मेंढीच्या शेपटीची चरबी... आणि मेंढीचं मुंडकं अख्खं, मानाने, बेल्जियमवाल्यांच्या प्रशिक्षकापुढे, त्या वेरमेयरपुढे! तो पांढराफटक. दया आली मला. मीच बावळट! दुभाषी मुलीला म्हटलं, "सांग त्यांना, खाल्लंच पाहिजे असं नाही. मानाच्या पाहुण्याने मूठभर मांस घ्यायचं आणि लहानांच्या तोंडात भरवायचं. त्या मुठीला नाही म्हणायचं नसतं."

तो विचारतो, "कोणीच नाही म्हणत नाही?"

"मेलं तरी नाही!"

मेल्याचे डोळे असे चमकले! उठला, बाह्या सारल्या, "सानझार, आ कर, आ!" एक मूठ, दुसरी मूठ, मग चरबीची... नंतर गोलकीपर, नंतर आमचे राहिलेले सगळे! आणि त्याची स्वतःची पोरं? काकडी कुरतडत बसलेली! ऐबार टेबलाखालून मला लाथा मारतोय, आणि मी रुमालाने डोळे पुसतेय, काय तरी गुणी माणूस! सांगा, माझं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी शेवटचं मिनिट, एक-एक बरोबरी. त्यांचा पोरगा चेंडू घेऊन निघाला, सानझार वळला... वळला कसला, भरलेला ट्रक बोळात वळतो तसा! तो वळेपर्यंत गोल. दोन-एक. संपलं.

सगळे गेल्यावर सानझार कॅन्टीनमध्ये आला, खाली मान घालून बसला. मी म्हटलं, "बोल मला, काय बोलायचं ते बोल." तर तो म्हणतो, "अपा, मांस मात्र फार छान झालं होतं. उरलंय का थोडं?"

रडू फुटलं हो मला! उरलंय कुठलं? ते तर त्या वेरमेयरला शिदोरी म्हणून बांधून दिलं होतं, पाहुण्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं?

मग काय, काढली फ्रिजातून ऐबारची कोंबडी, उकडली. दोघांनी समोरासमोर बसून खाल्ली. बिनमिठाची!