अंड्यावरचा आळ

नाही, मी आधीच म्हणालो होतो की या पथ्यवाल्यांच्या मेळाव्यात मला बोलायला उभं करू नका! त्या आहारवाल्या बाई... त्याच, दाराशी वही छातीशी धरून मला खुणा करतायत ना, त्या... "बोला काका, मन मोकळं करा, इथं सगळे आपलेच आहेत!" आपलेच? मला तर यातला एकही माणूस ओळखीचा नाही! आणि मन मोकळं करून काय करू? पोट मोकळं करून करून जीव मेटाकुटीला आलाय माझा! मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, जन्मात कधी भाषण केलं नाही. उभं आयुष्य तराजू दुरुस्त केले, आणि तराजू तोंडानं बोलत नाही म्हणून तर तो धंदा धरला! पण आता उभं केलंच आहे तर ऐका. आणि तुम्ही, पुढच्या रांगेतले, पट्ट्यापट्ट्यांचा सदरा... ते बिस्किट आधी संपवा. माझ्यापुढं चुरा पाडत बसू नका. काय म्हणालात? "एवढ्याशानं काय होतंय"? म्हणालात ना? ओठ हलले तुमचे!

हेच! हेच ते वाक्य! तुम्हाला सांगतो, या वाक्यानं माझी आतडी जेवढी पिळली तेवढी गव्हानं पिळली नसतील! आणि याच वाक्यापायी माझं अंडं गेलं. हो, अंडं! हसू नका. ज्याच्या ताटात अंडं सोडून दुसरं काही उरलेलंच नाही, त्याचं अंडं गेलं म्हणजे काय गेलं, हे तुम्हाला कळायचं नाही.

सुरुवात कुठून झाली, तर माझं वजन घटायला लागलं. आता मी काटे सरळ करणारा माणूस, दुकानातल्या मोठ्या काट्यावर रोज सकाळी उभा राहायचो, आणि काटा रोज थोडा मागं. मला काय वाटावं? काटा बिघडला! दोन महिने, अहो दोन महिने मी तो काटा उघडतोय, स्प्रिंग बदलतोय, तेल घालतोय, पुन्हा उभा राहतोय, पुन्हा मागं! शेवटी बायको म्हणाली, "अहो, काटा ठीक आहे. तुमची पँट बघा." पँट दोरीनं बांधली होती मी. तेव्हा कुठं डॉक्टरकडं गेलो.

डॉक्टर म्हणजे काय, पोरसवदा! माझ्याकडं बघतच नाही, टकटक टकटक, त्या पडद्याकडं बघून म्हणतो, "काका, तुम्हाला ग्लूटेन चालत नाही. गव्हात असतं, जवात असतं. आयुष्यभर बंद." मी म्हटलं, बरं. पोळी बंद, पाव बंद, केक बंद, बिस्किट बंद, ठीक आहे, सैनिकासारखं सोडलं. सहा महिन्यांनी पोट पुन्हा गुडगुड. "काका, दूधही चालत नाही." सोडलं दूध! मग कांदा-लसूण. मग सोयाबीन. मग राजमा, चवळी, सगळी शेंगवाली जमात! मी विचारलं, "डॉक्टर, पाणी चालतं ना?" तर म्हणतो, "पाणी भरपूर प्या." म्हणजे थट्टासुद्धा कळत नाही यांना!

आणि लोक! लोकांना वाटतं, हा म्हातारा नखरे करतोय. हॉटेलात गेलो एकदा, लेकीच्या हट्टापायी. वेटरला नीट सांगितलं, बाबा रे, गहू नको, पाव नको. "काळजीच करू नका साहेब!" म्हणाला आणि सूप घेऊन आला, त्यात वर पावाचे तुकडे तरंगतायत! मी म्हटलं, हे काय? तर त्यानं काय करावं? आपल्या बोटांनी, बोटांनी हो, एकेक तुकडा उचलला आणि म्हणतो, "घ्या, काढले." वर अजून म्हणतो, "एवढ्याशानं काय होतंय?" अरे काय होतंय? तुझ्या घरी येऊन दाखवू का काय होतंय ते? तुझा संडास कुठल्या बाजूला आहे तेवढं सांग!

माझ्याकडं एक सोनार यायचा. त्याच्या तराजूच्या पारड्याला एकदा मेणाचा एवढासा थेंब चिकटला होता, नखावर मावेल एवढा. घाम फुटला होता त्या माणसाला! तेव्हा नाही कुणी म्हणालं, एवढ्याशानं काय होतंय! सोन्याला कळतं, आणि माझ्या पोटाला कळू नये?

असो. बाईंचं सांगतो. या आहारवाल्या बाई भेटल्या आणि पहिल्यांदा कुणीतरी अकलेचं बोललं. तोंडावर सांगतो, त्यांची भीड नाही मला. म्हणाल्या, "काका, आपण सगळंच थांबवू. तीन आठवडे फक्त भात, बटाटा, गाजर. पोट शांत झालं की मग एकेक गोष्ट सुरू करू, प्रत्येकीला तीन दिवस. त्या तीन दिवसांत दुसरं नवीन काहीही नाही." मी खुर्चीतून उठलोच! म्हटलं, बाई, हा तर माझा धंदा! काटा आधी शून्यावर आणायचा, मग एकेक वजन ठेवून बघायचं! शिकलेल्या माणसाचं बोलणं मला जन्मात पहिल्यांदा कळलं. एक वही केली. मला लिहायचा कंटाळा, म्हणून खुणा. बरं वाटलं तर गोल, बिघडलं तर फुली. एकवीस दिवस भात, बटाटा, गाजर. गाजर, बटाटा, भात. बाविसाव्या दिवशी माझ्या तोंडाला गाजराचा वास येत होता, पण वहीत गोलच गोल! काटा शून्यावर!

आणि पहिला मान कुणाला? अंड्याला! मीच मागितला. कारण तुम्हाला सांगतो, दुकानात तीस वर्षं दुपारी मी काय खाल्लं असेल तर उकडलेलं अंडं. स्टोव्हवर पातेलं, पातेल्यात अंडं, सोलताना बोटं भाजतायत, वर मीठ, मिरपूड, आणि पिवळा बलक मधोमध जरासा ओला... बाई, खुणा करू नका, बोलू द्या. सगळं गेलं, पोळी गेली, पाव गेला, दूध गेलं, कांदा गेला, मी हूं की चूं केलं नाही. पण अंडं राहिलं तर माणूस म्हणून जगता येतं! नाहीतर मग गाजर खाणारा प्राणी.

आता नेमकं त्याच आठवड्यात लेकीचा पाय मुरगळला आणि बायको तिच्याकडं गेली. जाताना काय करावं? "तुम्ही एकटे नको," म्हणून सोबतीला स्वतःच्या भावाला बोलावलं! माझा मेहुणा. औषधांच्या दुकानात काउंटरमागं एकोणतीस वर्षं उभा राहिलेला माणूस, त्यामुळं स्वतःला डॉक्टर समजतो. आम्ही त्याला अर्धा डॉक्टर म्हणतो, आणि त्याला ते कौतुक वाटतं! आल्या आल्या माझी वही उघडली, चष्मा कपाळावर. "भावोजी, हे सगळं मनाचं असतं बरं का. मी हजारो रोगी पाहिलेत." पाहिलेत! गोळ्या पुडीत बांधून दिल्यास तू, त्याला रोगी पाहणं म्हणतात होय रे?

सोमवारी अंडं खाल्लं. गोल. मंगळवारी अंडं. गोल! मंगळवारी मी शीळ घातली, अहो, बायको नव्हती म्हणून, पण घातली! बुधवारी दुपारी अंडं, आणि अर्ध्या डॉक्टरनं गाजराचं सूप केलं. चांगलं दाट झालं होतं. मी, मूर्ख, कौतुक केलं! म्हटलं, "वा, हाताला चव आहे की तुझ्या!" तो नुसता मिशीत हसला. आणि बायको दुसऱ्या दिवशी येणार म्हणून चारच्या बसनं त्याच्या घरी गेला. पाचला माझ्या पोटात कळ आली, आणि तिथून पुढं चार दिवस... नको. तुमच्यातले काही जेवून आलेले दिसतायत. एवढंच सांगतो की गुरुवारी बायको परतली तेव्हा मी न्हाणीघराच्या फरशीवर बसलो होतो आणि बादलीला मिठी मारली होती.

"अहो, अंडंच ते!" बायको. "अंडंच असणार काका," डॉक्टर, टकटक टकटक. आणि बाई, तुम्ही! तुम्ही लाल पेनानं अंड्यावर काट मारलीत! मी म्हटलं, अहो, दोन दिवस गोल आहे, तिसऱ्या दिवशी फुली कशी? जे वजन दोनदा बरोबर येतं ते तिसऱ्यांदा चुकलं तर खोट वजनात नसते, पारड्याला कुणीतरी हात लावलेला असतो! तर काय म्हणालात? "काका, कधी कधी साठत साठत जातं, मग एकदम त्रास होतो." आता चौथी शिकलेल्या माणसानं यावर काय बोलायचं? वही मिटली. दोन महिने! दोन महिने अंडं नाही. शेजारी कुणी ऑम्लेट केलं की मी खिडकी लावून घ्यायचो.

मग लेकीचा पाय बरा झाला, तिनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. आठ-दहा माणसं टेबलाभोवती, मी कोपऱ्यात माझा डबा घेऊन, भात आणि बटाटा. कुणीतरी म्हणालं, "काका, एक घास केक घ्या की, एवढ्याशानं काय होतंय?" मी उत्तर देणार, तेवढ्यात अर्धा डॉक्टर उभा राहिला. उभा! चमच्यानं पेला वाजवला!

"आज मी एक गुपित सांगतो," म्हणाला. "भावोजींना गहू चालत नाही हे सगळं थोतांड आहे, आणि मी ते सिद्ध केलंय. दोन महिन्यांपूर्वी मी त्यांना गाजराच्या सुपातून चमचाभर गव्हाचं पीठ घातलं होतं. आमच्या क्षेत्रात याला चाचणी म्हणतात, रोग्याला कळू द्यायचं नसतं. झालं का काही? काहीसुद्धा नाही! मी चार वाजेपर्यंत तिथंच होतो, चांगले सुपाचं कौतुक करत होते! त्यांना जो त्रास झाला तो नंतर, आणि तो अंड्यानं! ताईनंच मला फोनवर सांगितलं!"

तुम्हाला सांगतो, बायकोच्या हातातला चमचा तसाच हवेत. लेक माझ्याकडं बघतेय. आणि मी... मला वाटलं होतं, असं काही झालं तर मी त्याच्या डोक्यात डबा घालीन. पण माझ्या तोंडून काय निघावं? "चमचा कुठला?"

"म्हणजे?"

"चहाचा का वाढायचा?"

"वाढायचा," तो म्हणाला. "शीगभर."

शीगभर! वाढायचा चमचा, वर ढीग येईस्तो शीगभर! आणि दोन महिने तुरुंगात कोण, तर अंडं! ज्यानं काही केलं नाही ते आत, आणि ज्यानं केलं तो केक खातोय, दुसरा तुकडा! मी म्हटलं, "अरे नराधमा, पाच वाजता मी बादली धरली होती! तू चारच्या बसमध्ये खिडकीशी बसून वारा खात होतास!" तर काय म्हणतो माहितीय? "भावोजी, चिडू नका, चिडल्यानं ॲसिडिटी होते."

मग काय, पुन्हा तीन आठवडे भात, बटाटा, गाजर. या वेळी बायकोनं घरातला गव्हाच्या पिठाचा डबाच उचलून शेजारणीकडं ठेवला. मग अंडं. पहिला दिवस गोल. दुसरा दिवस गोल. तिसऱ्या दिवशी मी सकाळपासून घड्याळासमोर खुर्ची टाकून बसलो. चार वाजले. पाच वाजले. सहा... गोल! वहीत एवढा मोठा गोल काढला की पान फाटलं!

डॉक्टरनं पहिल्यांदा पडद्यावरनं नजर काढली आणि म्हणाला, "सॉरी काका, मी नीट विचारायला हवं होतं." पोरगा चांगला आहे तसा. बाईंनी स्वतःच्या हातानं लाल काट खोडली आणि माझी माफी मागितली, म्हणून तर त्यांच्या सांगण्यावरून इथं उभा आहे, नाहीतर कोण येतंय! आणि बायकोची माफी? दुसऱ्या दिवशी ताटात दोन उकडलेली अंडी, बलक मधोमध जरासा ओला, आणि ती तोंड फिरवून ओटा पुसत राहिली, पुसलेलाच ओटा. मी दोन्ही खाल्ली.

आणि तो? मी स्वतः गेलो त्याच्याकडं, वही घेऊन, गोल दाखवले, फुली दाखवली, बुधवार दाखवला. म्हटलं, आता बोल! त्यानं चष्मा कपाळावर चढवला, पानं उलटली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवला हो, खांद्यावर! "माफी कसली भावोजी? उलट माझ्यामुळं तुमचं निदान पक्कं झालं. आता दुधाची पण एकदा चाचणी करून बघू!"

येत्या रविवारी राहायला येतोय, चार दिवस. बायकोचा भाऊ, येऊ नको कुठल्या तोंडानं म्हणायचं? चार दिवस मी आपला माझा डबा मांडीवर घेऊन बसणार, झोपतानाही उशाशी. माझं काही म्हणणं नाही. पण मी मेलो तर, बाई, तुमच्या त्या वहीत एवढं लिहून ठेवा, की या माणसाची माफी सगळ्यांनी मागितली, एकानं सोडून, आणि तो एक म्हणजे अर्धा डॉक्टर, माझा सख्खा मेहुणा.