दाजींच्या टाचेवरच्या अळ्या

नाही, पण मला सांगा, जन्मभर ज्यांना वेचून वेचून बाहेर फेकलं, त्यांनाच माणसाने अंगावर बसवून घ्यायचं? अळ्या हो, अळ्या! जिवंत!

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, वसतिगृहाच्या खानावळीत आचारी. कोबीत एक अळी दिसली की अख्खी टोपली परत! आणि नेमकी त्यांच्याच टाचेला जखम. अंगात साखर, दिवसभर शेगडीपुढे उभं राहणं… मलमं झाली, इंजेक्शनं झाली, जखम आपली हटून बसलेली. वास तर असा, की ताई खिडक्या उघडायची आणि दाजी मेल्याहून मेल्यासारखे होऊन लावून घ्यायचे… शेजाऱ्यांना कळेल म्हणून!

शेवटी सर्जन म्हणाले, "पाय काढावा लागेल." दाजींनी विचारलं, "घोट्यातून की गुडघ्यातून?" जसा काही दुधीच चिरायचाय! पण तुम्हाला सांगतो, त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तेवढ्यात जखमांची डॉक्टरीण आली. बोलणं अगदी हळू. "काका, आधी एक करून बघू. औषधासाठीच वाढवलेल्या, निर्जंतुक अळ्या असतात. सडकं तेवढं खातात, चांगल्या मांसाला तोंड लावत नाहीत."

"अळ्या? माझ्या पायावर?" दाजी असे ओरडले की शेजारच्या खाटेवरचा उठून बसला! आणि आमची ताई… झुरळ दिसलं की पलंगावर चढणारी ताई… म्हणाली, "अहो, पाय मोठा की नाक मोठं? बसवा हो डॉक्टर!"

बसवल्या. अळ्या हो, अळ्या! वरून जाळीची पट्टी. दाजी डोळे गच्च मिटून. घटकेत गुदगुल्या, घटकेत ठणका. ताई उशाशी. दाजी विचारायचे, "आता काय करतायत गं?" "जेवतायत!"

तिसऱ्या दिवशी पट्टी सोडली, तर खसखशीएवढ्या आत गेलेल्या बया भाताच्या शितासारख्या टरारलेल्या! आणि खाली जखम… लाल, स्वच्छ. पुन्हा एकदा बसवल्या. मग डॉक्टरीण म्हणाली, "काका, पाय राहिला." दाजी ढसाढसा रडले. नर्सबाई अळ्या पिशवीत भरून न्यायला लागली, तर म्हणतात, "थांबा," आणि हात जोडले हो त्यांनी! अळ्यांना!

आता चालतात, स्वयंपाकही करतात. फक्त आम्ही ताटावर बसून "मीठ जरा कमी" म्हणालो, की टाच पुढे करतात: "त्यांनी कधी तक्रार केली?" अळणी तर अळणी… गिळतो आपलं मुकाट्याने.