बापलेकीचा वर्ग

(कॅलिफोर्नियातल्या एका तुरुंगातली भेटीची खोली. शनिवारची सकाळ. बुटक्या टेबलाशी समोरासमोर कैदी रोसेंडो आणि त्याची मुलगी नायेली. भेटीला आलेल्यांचे फोटो काढायचं काम असलेला म्हातारा कैदी ओटिस खोलीभर फिरतो आहे.)

नायेली : ...तर फाटकातून आत गेलं की आधी चढ लागतो. डोळे उघडू नका ना, पापा!

रोसेंडो : मिटलेत गं. चढ लागला, दमही लागला. पुढे?

नायेली : दोन्ही बाजूंना निलगिरी. धुकं इतकं की शेंडे दिसतच नाहीत, नुसता वास येतो.

रोसेंडो : सर्दीच्या मलमाचा.

नायेली : तोच. मग हिरवळ. आणि तिच्यावर हरणं.

रोसेंडो : हरणं? विद्यापीठात?

नायेली : चरत असतात. पोरं शेजारून जातात, पण ती मान वर करून बघतसुद्धा नाहीत.

रोसेंडो : आणि मोजणी कोण करतं तिथं?

नायेली : कसली मोजणी?

रोसेंडो : पोरांची. संध्याकाळी.

नायेली : कोणी नाही करत, पापा.

रोसेंडो : मग कोण आत आहे, कोण बाहेर, कळतं कसं?

नायेली : नाही कळत. कुणाला त्याचं काही पडलेलंही नसतं.

रोसेंडो : अरे वा! म्हणजे माणूस धुक्यात शिरला तर शिरला. बरं, थांबू नकोस. वर्गापर्यंत ने मला.

ओटिस : ए रोसेंडो, डोळे उघड. पहाऱ्यावरचा साहेब बघतोय इकडे. त्याला वाटेल, पोरगी एवढ्या लांबून आली आणि हा घोरतोय.

रोसेंडो : घोरत नाहीये, म्हाताऱ्या. विद्यापीठात चाललोय.

ओटिस : जा जा. येताना खायला आण काहीतरी. काय गं पोरी, तू म्हणे गुन्हेगारांवर पदवी घेणार? मग तिकडे कशाला तडफडतेस? इथंच ये. एकेक प्रोफेसर बसलाय!

नायेली : तुमची फी झेपायची नाही मला, ओटिसकाका.

ओटिस : हे बरंय! फोटो काढायचा का? भिंतीपाशी रांग नाही आज. समुद्र मोकळा आहे.

नायेली : तुमच्या भिंतीवरचा समुद्र खोटा आहे. विद्यापीठातून खरा दिसतो, बघून आलेय मी. इतका निळा नसतोच तो. राखाडी असतो, भांडी धुतल्यावरच्या पाण्यासारखा.

ओटिस : ज्यानं रंगवला तो वाळवंटातला गडी होता. त्यानं आपल्या मनातला रंगवला. येतो मी फिरून.

रोसेंडो : लहानपणी किती आवडायचा तुला तो समुद्र.

नायेली : आवडायचा काय! घरात तुमचे जेवढे फोटो, तेवढे सगळे त्या भिंतीसमोरचे. शाळेत मी छाती काढून सांगायचे, माझे पापा समुद्रावर राहतात. आजी पण बोलली नाही काही.

रोसेंडो : आता तूच राहणार समुद्रावर. सोमवारी विद्यापीठाला कळवायचंय ना? येतेय म्हणून?

नायेली : येत नाही म्हणून कळवणार आहे.

रोसेंडो : काय?

नायेली : ओरडू नका. साहेब बघतोय.

रोसेंडो : ओरडत नाहीये. काय म्हणालीस तू?

नायेली : आपलं ठरलं होतं. दोघांनी मिळून विद्यापीठात जायचं. विद्यापीठाआधीचं दोन वर्षांचं कम्युनिटी कॉलेज एकच, ॲबरनाथीबाई पण एकच. मंगळवारी त्या इथं येऊन तुम्हाला शिकवणार, गुरुवारी तोच धडा मला. कागद आत आणू देत नाहीत, म्हणून याच टेबलावर आपण तोंडी अभ्यास केला. तुमचं बीजगणित तेवढं राहिलंय. मी थांबते.

रोसेंडो : माझं बीजगणित सुटेपर्यंत तुझे केस पिकतील.

नायेली : पिकू देत. तोवर कदाचित विद्यापीठही इथं वर्ग काढेल.

रोसेंडो : ते आमच्यात सगळेच म्हणतात. कदाचित! हे बघ, पोरी. मी इथं थांबलोय, कारण मी काहीतरी केलंय. तू काय केलंयस? तुला कुठल्या कोर्टानं थांबायला सांगितलं?

नायेली : तिथून दर शनिवारी येता येणार नाही, पापा. दिवसभराची वाट आहे.

रोसेंडो : माहितीये.

नायेली : तुम्हाला चालेल?

रोसेंडो : नाही चालणार. शनिवार आला की मी त्या दाराकडे बघत बसेन आणि रडेन. ते माझं मी बघून घेईन. पण तू थांबलीस तर मला तोंड लपवायला जागा राहणार नाही. खरं सांग, एवढंच आहे? की आणखी काही?

नायेली : एवढंच.

रोसेंडो : खालचा ओठ चावतेयस. तुझी आईपण असंच करायची.

नायेली : विद्यापीठ दाखवायला नेलं होतं ना, तेव्हा आम्ही चार-पाच मुली होतो. एकीचे वडील न्यायाधीश, एकीचा मामा पोलिसांत. मग मला विचारलं.

रोसेंडो : तू काय सांगितलंस?

नायेली : म्हटलं, माझे पापा समुद्रावर असतात. बोटीवर.

रोसेंडो : बरं.

नायेली : बरं काय? लहानपणी मला खरंच तसं वाटायचं. आता तर माहीत होतं सगळं. आपल्या कॉलेजात अर्ध्या वर्गाचं कुणी ना कुणी आत आहे, तिथं कधी जीभ अडखळली नाही माझी. आणि त्या मुलींपुढे पहिल्याच प्रश्नाला मी तुम्हाला बुडवून टाकलं. मला माझीच लाज वाटली, पापा. रोज असंच वागणार असेन, तर नको मला ते विद्यापीठ.

रोसेंडो : बोट वाईट नाही. तेच सांगत जा. मला राग नाही.

नायेली : मला आहे! प्रवेशाच्या अर्जातल्या निबंधात मी लिहिलं होतं, माझे वडील फक्त गाडी चालवत होते. तुम्ही मला 'फक्त' काढायला लावलंत. म्हणालात, दुकानातला तो माणूस अजून लंगडतो, आणि तू 'फक्त' म्हणतेस? मी इथून बाहेर पडून गाडीत बसून रडले होते. आणि आता तुम्हीच मला खोटं बोल म्हणता?

रोसेंडो : चुकलो.

ओटिस : काय ठरलं, फोटो? वेळ संपत आली, साहेब घड्याळ बघतोय.

रोसेंडो : नको, ओटिस. आज आम्हाला बोलू दे.

ओटिस : बोला, बोला. मी साहेबाला गप्पांत गुंतवतो. मुलाबाळांचं विचारलं की सुटतो तो.

रोसेंडो : डोळे मीट आता.

नायेली : मी?

रोसेंडो : तूच. चढ चढलीस. हरणं गेली. वर्गात खिडकीपाशी बसलीस. बाई आल्या. ॲबरनाथीबाईंसारख्या नाहीत, जरा कडक आहेत. सगळ्यांना विचारताहेत, हा विषय का घेतलास. तुझ्यापाशी आल्या. सांग.

नायेली : मी नायेली. माझे पापा तुरुंगात आहेत.

रोसेंडो : आवाज खाली गेला. मागच्या बाकावर ऐकू आलं नाही.

नायेली : माझे पापा तुरुंगात आहेत. एका दरोड्यात ते गाडी चालवत होते. एक माणूस जन्माचा अधू झाला.

रोसेंडो : हं. आणि तू एकटीच आलीस का, असं विचारलं तर?

नायेली : सांगेन, आम्ही एकाच वर्गात होतो. मी आधी पास झाले. ते मागून येताहेत.