काचेतलं ऊन

डॉक्टर : हात काढा तिच्या अंगावरून, काका. एक्स-रे झाला. भूल अजून वीस मिनिटं तरी उतरत नाही. इकडे या, पडद्यावर बघा.

काका : मला काय कळतंय त्यातलं, डॉक्टरबाई. फळीवरून पडली म्हणून पाय ओढतेय, एवढंच ना?

डॉक्टर : पडून असं होत नाही. हा तिचा कणा. सरळ हवा, तो विळ्यासारखा वाकलाय. हे दोन मणके चेपलेत. आणि या बरगड्या, कितीदा मोडल्या आणि आपल्या आपण जुळल्या कोण जाणे.

काका : ती पहिल्यापासून वाकूनच बसते. म्हणून तर म्हातारी म्हणतो तिला. पोरं काचेपाशी येऊन तिच्यासारखी वाकून दाखवतात. मीही हसलोय.

डॉक्टर : वय किती हिचं?

काका : पाचवं सरत आलंय.

डॉक्टर : म्हणजे ऐन तरुण माकडीण. हाडं मऊ पडलीत, काका. ऊन मिळालेलं नाही.

काका : हे मात्र मी ऐकून घेणार नाही. खोलीत दिवसभर ऊन असतं. सकाळी भिंतीशी, दुपारी मधोमध. ती उन्हाबरोबर सरकत बसते. रोज बघतो मी.

डॉक्टर : काचेतून येतं ना ते?

काका : मग? आधी पिंजऱ्याला जाळी होती. लोक खडे मारायचे, पेटत्या सिगरेटी टाकायचे. ही अंगावर पीत होती तेव्हा हिच्या आईचा डोळा गेला. साहेबांपुढे वर्षभर नाक घासलं मी, तेव्हा कुठे काच बसली.

डॉक्टर : काचेतून ऊब येते फक्त. हाडांना लागतं ते ऊन काच अडवते.

काका : म्हणजे मीच केलं हे.

डॉक्टर : तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. मला माहीत होतं. आणि मी चार वर्षं दारातूनच बघून 'प्रकृती उत्तम' लिहीत आले.



काका : हिच्या खोलीतल्या बाकीच्या दोघी?

डॉक्टर : लहान आहेत, सावरतील. काच आजच काढा. हिचे मागचे पाय मात्र कायमचे गेलेत. जागी झाली तर दुखण्यातच होईल. होऊ देऊ नये, असं मला वाटतं. पण तुमच्या हातावर वाढलीय. तुम्ही सांगा.

काका : नका उठवू.

डॉक्टर : बरं.

काका : सुई इथेच द्यावी लागते का? मागच्या पायरीवर ऊन आलंय.

डॉक्टर : आता त्याचा काही उपयोग नाही, काका.

काका : ठाऊक आहे. तुम्ही दार धरा, मी हिला उचलतो.