ईयोबाचं शेवटचं वाक्य

पाळकसाहेब, मार्थावहिनी, अन् कॉलनीतल्या माझ्या भावांनो, बहिणींनो,

उन्हातान्हाचे एवढे सगळे आलात. मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. उभी हयात वर्गात बडबड केली मी, मराठीचा मास्तर, अन् आज एका क्रियापदाशी अडलोय. प्रभाकर सर 'आहेत' म्हणायची सवय. आता 'होते' म्हणायचं. जमत नाय.

सर अन् मी एकाच शाळेत. ते इंग्रजी शिकवायचे. ते छावणीतल्या चर्चमध्ये वाढलेले, मी देवगाव रंगारीचा, घरी शेती, देव्हाऱ्यात खंडोबा. आमचं जमलं कसं? तर दोघांनाही वाद घालायला लई आवडायचं. एवढंच.

इथं प्लॉट आम्ही बरोबरच घेतले. तेव्हा इथं ज्वारी उभी असायची. शहर वाढतंय, पाईपलाईन येणार, असं सांगून आम्हाला प्लॉट गळ्यात मारले. शहर वाढलं, खोटं नाय. बिडकीनकडं कंपन्या झाल्या, रस्ते झाले. पाणी तेवढं आलं नाय. अन् मग ती दुष्काळाची सालं. टँकरचा हॉर्न वाजला की हातातलं टाकून सगळी गल्ली ड्रम अन् पाईप घेऊन पळायची. त्या पळापळीत सुवार्ता गेली. सरांची एकुलती एक लेक. कॉलेजात होती. टँकर मागं घेताना ड्रायव्हरला दिसली नाय. तुमच्यातले बरेच जण तिथंच होते. जास्त बोलत नाय.

त्या दिवसापासून वहिनींचं एकच. "मीच धाडलं तिला. पोरगी अभ्यास करत होती, मीच उठवलं." कुणीही भेटायला येवो, हेच.

अन् सरांनी बायबल काढलं. त्यात ईयोब नावाचा एक भला माणूस आहे. त्याची लेकरं मेली, गुरं गेली, अंगभर फोड आले. त्यानं देवाला जाब विचारला. शेवटी देव बोलला, अन् ईयोब एक वाक्य बोलून गप्प झाला. ते शेवटचं वाक्य सर धरून बसले. त्यांच्याकडच्या जुन्या इंग्रजी भाषांतरात ईयोब म्हणतो, मला स्वतःची किळस येते, मी धुळीत बसून पश्चात्ताप करतो. वहिनी म्हणायच्या, बरोबर लिहिलंय. माझंच लिहिलंय.

सरांना ते सोसेना. ते औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानात गेले अन् दुसरं भाषांतर घेऊन आले. त्यात ईयोब म्हणतो, मी माझे शब्द मागं घेतो. मग तिसरं आणलं. त्यात तर म्हणे, माणूस म्हणजे धूळ अन् राख, हे कळून माझी समजूत पटली. अहो, एकच माणूस, एकच वाक्य, अन् कुठं किळस, कुठं माघार, कुठं समाधान! जुन्या पुस्तकांचा दुकानदार हसायचा. "सर, किताब तो एकच है ना? कित्ते बार लेंगे?" सर म्हणायचे, "जब तक समझ में नहीं आती, भाई."

संध्याकाळी मी जायचो. टेबलावर ती पुस्तकं उघडी. सर एकेक मोठ्यानं वाचणार, मग वहिनींसाठी मराठीत सांगणार, अन् मी त्यांच्या मराठीला नावं ठेवणार. एकदा आनंदानं उठून उभे राहिले. "मार्था, ऐक! मूळ हिब्रूत कुणाची किळस ते लिहिलेलंच नाय. 'स्वतःची' हा शब्द इंग्रजीवाल्यांनी पदरचा घातलाय!"

वहिनी भाजी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, "घातला असंल. पण मला तो बसला ना."

सर खाली बसले. मला तळटीप दाखवली. बारीक अक्षरात छापलं होतं, की मूळ वाक्याचा अर्थ नक्की सांगता येत नाही. "भास्करराव, एवढी विद्वान मंडळी, अन् खाली हळूच कबूल करतात." अन् लगेच दुसऱ्या पुस्तकातली तळटीप शोधायला लागले. मला वाटलं, बायकोवर काय जीव आहे या माणसाचा! तिच्या डोक्यावरचं ओझं उतरावं म्हणून किती धडपड!

परवा माती देऊन आलो. वहिनींनी मला थांबवून घेतलं. आता जे सांगतोय ते त्यांनीच सांगायला लावलंय. मी नको म्हणालो होतो.

त्या म्हणाल्या, "भाऊजी, सुवार्ताला मी उठवलं नव्हतं. मी चुलीपाशी होते. हॉर्न ऐकून ह्यांनीच हाक मारली, सुवार्ता, पळ, नंबर लाव. ती गेल्यावर मी ह्यांचं तोंड पाहिलं. म्हटलं, हा माणूस आता जगत नाय. म्हणून मीच बोलून टाकलं, मी धाडलं."

मी विचारलं, "अन् सर?"

"ते काय बोलणार? पुस्तकं आणत राहिले."

खरं सांगू? मला सरांचा लई राग आला. आजही आहे. बाईनं तुमचं ओझं डोक्यावर घेतलं, अन् तुम्ही तिला तळटीपा दाखवत बसलात? एकदा तरी म्हणायचं होतं, मार्था, तू नव्हतीस, मी होतो.

पण वहिनींचंही तेच झालं. 'तुमचा दोष नाय' असं त्यांना सरांना सांगायचं होतं. ते सांगायला आधी 'हाक तुम्हीच मारली' असं म्हणावं लागलं असतं. ते त्यांच्या तोंडून निघंना. म्हणून दोघं रोज समोरासमोर बसले, अन् मधी ईयोब.

आता मी तुम्हाला विचारतो. त्या उन्हाळ्यात या गल्लीतल्या कुठल्या बापानं पोरांना हाक मारली नाय? पळ, नंबर लाव, असं कोण म्हणालं नाय? त्यानं हात वर करावा. बघा, नाय ना कुणी. मीही मारली होती हाक, त्याच हॉर्नला. माझी पोरगी टँकरच्या दुसऱ्या बाजूला होती. आज ती तिथं मागं बसलीय, तिचं लेकरू मांडीवर घेऊन.

सर, दोष तुमचा नव्हता. वहिनी, तुमचा तर नव्हताच. हे कुठल्या भाषांतरात आहे मला ठाऊक नाय. मी आपलं मराठीत सांगतोय.

पाळकसाहेब, वहिनींची विनंती आहे, आज ईयोबाच्या पुस्तकातलं काही वाचू नका. सगळ्यांनी थोडा वेळ गप्प उभं राहायचं. त्या बापासाठी अन् त्या लेकीसाठी.

उठा. वहिनी, तुम्ही बसूनच राहा.