सिलोनचा संघ कसा आहे

"सिलोनला हरवील असा रग्बीचा संघ आशियात जन्मलाच नाही!" पालघरच्या पोस्टाच्या ओट्यावर जनूभाऊंनी जाहीर केलं. रग्बी त्यांनी पाहिली होती. मुंबईत, एकदा, कुंपणाबाहेरून, ट्राम येईपर्यंत. ते केळव्याच्या सुगंधाबाईंचं पत्र लिहून देत होते. बाईंचा मुलगा बन्सी फौजेतून रग्बीच्या आशियाई स्पर्धेला निघाला होता. मी तिकिटांच्या रांगेत होतो.

"पन भाऊ, ते एवढे भारी कशानं?"

"नारळानं. तिकडं पोर चालायला लागलं की नारळ काखेत घेऊन पळतं. रग्बीचा चेंडूही तसाच, लांबट."

"नारळ तर आमच्या वाडीत पन हायेत."

"आपण बसून सोलतो, वयनी."

"काल सपनात बन्सी वाळूवरून पळत होता. काखेत चेंडू, मागं कोनी नाय. तसाच दर्यावरून पुढं गेला. पाय पन भिजले नाय."

"मागं सिलोनवाले असणारच. सगळे एकदम अंगावर पडतात."

"कोनाच्या?"

"चेंडू ज्याच्याकडं, त्याच्या."

"नि पंच?"

"शिट्टी वाजवतो. पडून झाल्यावर."

"मंग लिवा भाऊ... त्यांनी चेंडू मागितला, तर देऊन टाक म्हनावं."